ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातल्या धावपटू मुलीला मदत करायची आहे. पैसे कशावर आणि कसे द्यावेत?

बालाघाट

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज कामासाठी लिहितोय.

आमची दहावीची बॅच बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कुलाची. निम्मे लोक आता भोसरी-चाकणला, दोघं-तिघं फौजेत, बाकीचे गावाकडंच. दरवर्षी रिसॉर्टवर जमायचं, मटण-भाकरी हाणायची आणि फोटो काढायचे, एवढंच चालायचं. यंदा तो खर्च टाळून वर थोडी भर घातली तर महिन्याला बारा-पंधरा हजार रुपये, तेही दोन-तीन वर्षं, बाजूला पडतील असं दिसतंय.

शाळेतल्या सरांनी नववीतली एक मुलगी सुचवली. गाव-नाव मुद्दाम देत नाही. मातीच्या मैदानावर, सरांच्या मोबाइलच्या घड्याळावर, ३००० मीटर पावणेअकरा मिनिटांत मारते. सराव पाझर तलावाच्या भिंतीवर, पहाटे, धाकटा भाऊ सायकलवर सोबतीला. मागच्या हंगामात विभागात दुसरी आली, राज्याला पात्र ठरली आणि गेलीच नाही. तोवर दसरा उलटला होता, मुकादमाचा, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रक आला आणि घर कारखान्यावर गेलं. पोरगीही गेली.

आमच्या अठ्ठावीस जणांच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो चांगले स्पाईक (खिळ्यांचे धावायचे बूट), ट्रॅकसूट घेऊ आणि १५ ऑगस्टला शाळेत कार्यक्रमात चेक देऊ. दुसरा म्हणतो तिला सरळ पुण्याला आणून अकादमीत टाकू. धावपटू अविनाश साबळे आमच्याच जिल्ह्याचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. त्यामुळं "आपला पुढचा साबळे" हे मेसेज सुरू झालेत आणि मला त्याचीच धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

लिंबूटिंबू

चांगला विषय. रुमाल टाकून ठेवतो.

घासलेला स्पाईक

बालाघाट, मी आठशे मीटरवाला. राज्यापर्यंत पोचलो, पुढं सुटलं. आता कंपनीत सुपरवायझर आहे. रडगाणं गायला आलो नाही, फक्त हिशेब सांगतो.

ज्या वर्षी राज्यात पदक आलं त्या वर्षी मला तीन ठिकाणांहून तीन स्पाईकचे जोड मिळाले. एक नऊ नंबर, एक दहा नंबर. माझा पाय आठचा. तिसरा जोड बरोबर आला, तो फाटेस्तोवर वापरला. दोन ट्रॅकसूट, चार शाली, नारळ किती ते मोजले नाहीत. एका पुढाऱ्यानं स्टेजवर एकावन्न हजार जाहीर केले. फ्लेक्सवर त्यांचं तोंड माझ्या पाचपट होतं. ते एकावन्न हजार अजून वाटेत आहेत. आणि त्याच वर्षी मेसचे पैसे थकले म्हणून काकूंनी डबा बंद केला. काकूंची चूक नव्हती, त्यांनी बरेच दिवस ओढलं होतं.

मी सकाळी दहा किलोमीटर मारून चहा-खारी खायचो आणि कॉलेजला जायचो. हे सत्काराला आलेल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नाही. तेव्हा १५ ऑगस्टचा चेक वगैरे राहू द्या. तिला विचारा, दिवसभरात काय खातेस, किती वाजता खातेस. तिथून सुरुवात करा.

पीटीचे सर

धागाकर्त्यांनी जी गोष्ट ओघात लिहिली तीच खरी अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मराठवाड्यात बरीच वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं आहे.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात. मग जिल्हा, विभाग. राज्य स्पर्धा दिवाळीच्या मागेपुढे आणि राष्ट्रीय हिवाळ्यात. ऊसतोड दसऱ्यानंतर निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे मुलीचा मोसम आणि कोयत्याचा मोसम एकच. एप्रिलमध्ये घर परत येतं तेव्हा पोरीचं वजन उतरलेलं, सहा महिने पळणं बंद, शाळेच्या हजेरीची बोंब. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

पंधरा वर्षांची मुलगी फडात मोळ्या बांधते, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करते, कोपीवरचा (फडाजवळच्या झोपडीतला) स्वयंपाक करते, धाकट्यांना बघते. तिच्याविना आईचं अडतं. आईवडिलांनी दुष्टपणानं तिला नेलं असं कुणी समजू नये. शिवाय वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांनी लग्नाचा विषय निघेल. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळं लग्न झालं की लगेच नवा कोयता तयार होतो.

त्यामुळं तुमच्या मदतीची गाठ त्या उचलीशी आहे, स्पाईकशी नाही. ऑक्टोबर ते एप्रिल मुलगी एका जागी राहिली पाहिजे, दोन वेळ नीट जेवली पाहिजे आणि ती नसल्यानं घराचं जे अडतं ते थोडंफार भरून निघालं पाहिजे. एवढं जमलं तर पावणेअकराचे साडेदहा तिचे तीच करेल.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, समाजकल्याण खात्याची. तुमच्या तालुक्यात मुलींचं वसतिगृह चालू आहे का, जागा आहे का, हे आधी प्रत्यक्ष जाऊन बघा. कागदावर असतं आणि दाराला कुलूप असतं असंही होतं. पण मिळालं तर तुमचा निम्मा खर्च वाचेल.

तालमीतला

सर, एक नंबर लिहिलंय.

आमच्या कोल्हापूरकडं हे नवं न्हाई. शाहू महाराजांनी तालमींना आसरा दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तवापास्नं पैलवान म्हंजे गावाचं पोर ही रीत हाय. गंगावेश तालीम म्हना, मोतीबाग तालीम म्हना, आजबी खेड्यातलं पोरगं येतंय, गावाकडनं तांदूळ, तूप, बदामाचं पैसं येत्यात. कुनी म्हशीचं दूध लावून देतंय. त्याला आमी खुराक म्हनतो, देणगी न्हाई म्हनत. पावती न्हाई, फोटो न्हाई. पोरगं हरलं तर वस्ताद शिव्या देतोय पर दूध बंद हुईत न्हाई.

खाशाबा जाधवांचंच बघा. कराडजवळचं गोळेश्वर. १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशावर, सहावा नंबर आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसं न्हाईत. गावोगाव वर्गणी झाली, आनि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहान टाकून ७,००० रुपयं दिलं. पदक आलं तवा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तवा सरकार कुठं हुतं ते इचारू नका. आल्यावर खाशाबांनी कुस्त्या धरून ते पैसं फेडलं, असं आमच्यात सांगत्यात.

तिरकस

मिरवणुकीत पाणी ओततो म्हणून क्षमस्व.

तालमीच्या रीतीचं कौतुक ठीक, पण खुराकावर वाढलेले आणि पुढं काहीच न झालेले शेकडो पैलवान आज कुठं आहेत? ढाब्यावर, बाउन्सर म्हणून, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर. खाशाबांची गोष्ट आपण सांगतो कारण पदक आलं. प्राचार्यांसारखं घर गहाण टाकून ज्यांच्या पोराला पदक आलं नाही, त्यांची गोष्ट कोण सांगतं?

बालाघाटांच्या बॅचचे पंधरा हजार महिना म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. एवढ्या पैशात त्याच शाळेतल्या दहा मुलींचं हंगामाचं राहणं-खाणं अर्धंअधिक निघेल. त्या मुलींचा काय गुन्हा? त्या वेगानं धावत नाहीत हाच ना? आमची करुणासुद्धा स्टॉपवॉच लावून चालते.

घासलेला स्पाईक

तिरकस, शेवटचं वाक्य खुसखुशीत आहे, पण दहाही मुलींना मदत करा की. कुणी अडवलंय? माणूस ज्याच्याशी जोडला जातो त्याला देतो. त्यांच्या सरांनी या मुलीचं नाव सांगितलं, ते तिला देतायत.

आणि "काहीच झालं नाही" म्हणजे काय? मला पदकानं नोकरी दिली नाही, पण जो मित्र माझ्यासोबत पळायचा आणि माझ्याहून हळू होता, तो आज पोलिसात आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर असतं. ही मुलगी ते ८०० झोपेत काढेल. शिवाय राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ऊसतोड घरातल्या मुलीला अठराव्या वर्षी खाकी मिळाली तर ते ऑलिम्पिकपेक्षा कमी आहे असं मला तरी वाटत नाही. साबळे काय, नाशिककडचा रोइंगचा दत्तू भोकनळ काय, दोघांनाही आधी फौजेची नोकरी लागली. पोटाची सोय झाली आणि मग खेळ फुलला.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून वाचतेय. हा धागा फार आवडला. आमच्या मंडळातले चार-पाच जण दर महिन्याला हातभार लावायला तयार होतील.

एक प्रश्न. ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्टसारख्या मोठ्या संस्था आहेत ना? प्रकाश पदुकोण आणि गीत सेठींनी सुरू केलेली. त्यांच्याकडं मुलीचं नाव पाठवलं तर व्यावसायिक पद्धतीनं सगळं होईल. आपण हौशी लोकांनी हे करावं का?

पीटीचे सर

ताई, प्रश्न योग्य आहे. ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट २००१ पासून आहे, बेंगळुरूची गोस्पोर्ट्स फाउंडेशन २००८ पासून. कामं उत्तम आहेत. पण त्यांची नजर जिथं पडते तिथपर्यंत मुलीला आधी पोचावं लागतं. राष्ट्रीय पातळीवर चमकलेलं मूल ते उचलतात. त्यांच्याकडं पैसा मर्यादित आणि अर्जदार देशभरातले, म्हणून ते चूक करतात असंही नाही.

सरकारचंही तसंच. ऑलिम्पिकच्या तयारीतल्या खेळाडूंसाठीची टॉप्स योजना २०१४ ची, त्यातल्या मुख्य गटाच्या खेळाडूला महिना ५०,००० हातखर्च मिळतो, विकास गटाला २५,०००. पण ते देशातले मोजके खेळाडू. त्याच्या खाली खेलो इंडियाची शिष्यवृत्ती. वर्षाला ६ लाख २८ हजार ऐकून लोकांचे डोळे मोठे होतात, पण त्यातले महिना १०,००० खेळाडूच्या हाती येतात, बाकी प्रशिक्षण, राहणं, जेवण, विमा यासाठी अकादमीकडं. तिथं निवड व्हायलाही राष्ट्रीय स्पर्धेत दिसावं लागतं.

आपली मुलगी विभागात दुसरी आहे. शिडीची पहिली जी पायरी आहे ती जमिनीपासून सात फुटांवर आहे. तिथपर्यंत कुणीतरी खांदा द्यायचा असतो, आणि तो गावचा, बॅचचा, सरांचाच असतो. राज्याची क्रीडा प्रबोधिनी हा मधला मार्ग आहे, निवासी आहे, नेमबाज स्वप्नील कुसळे तिथूनच घडला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य. पण तिथं मुलं लहान वयात, बॅटरी टेस्ट (शारीरिक क्षमतेच्या चाचण्या) घेऊन निवडतात. नववीतल्या मुलीसाठी थेट प्रवेशाची सोय आहे का ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

गोळी-औषध

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी.

पहिल्या महिन्याच्या पैशातून तिचं रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, दोन्ही. नुसतं हिमोग्लोबिन बघून बरं आहे म्हणतात आणि लोहाचा साठा रिकामा असतो. लांब पळणाऱ्या, पाळी सुरू झालेल्या, भाकरी-चटणीवर राहणाऱ्या मुलीत हे हमखास सापडतं. माझ्याकडं एक मुलगी आली होती, कोच म्हणायचे आळशी झालीय, वेळ वाढतेय. हिमोग्लोबिन ८. गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत घड्याळ आपोआप खाली आलं.

दुसरं, पाळी नियमित आहे ना हे कुणीतरी बाईनं विचारायचं. कमी खाऊन जास्त पळालं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक फ्रॅक्चर होतात. आणि गावात लोक म्हणतात "बरं झालं, कटकट गेली." ती कटकट जायला नको आहे.

तिसरं, डबा. प्रोटीन पावडरचा डबा कुणी भेट देऊ नका. दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, डाळ, चालत असेल तर मटण-मासे. डब्यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि डोपिंगमध्ये सापडली तर "दादांनी दिलं होतं" हे उत्तर चालत नाही. "ताकदीचं इंजेक्शन" देणारा कुणी भेटला तर तिथून पळून यायचं, तेवढं तिला येतंच.

लिंबूटिंबू

डॉक्टरसाहेब, शेवटच्या वाक्याला दाद.

जाईजुई

मी एका गोष्टीची वाट बघत होते, कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. "पुण्याला आणून अकादमीत टाकू" म्हणणाऱ्यांनी पंधरा वर्षांची मुलगी कुठं, कुणाजवळ राहणार हे सांगावं. कोचच्या घरी? दहा मुलांमध्ये ती एकटी मुलगी? बाहेरगावी स्पर्धेला कुणासोबत जाणार? एकट्या पुरुष कोचबरोबर रात्रीच्या गाडीनं?

कोच चांगले असतात, बहुतेक असतातच. पण नियम चांगल्या माणसांसाठीसुद्धा करायचे असतात. मुलींचं वसतिगृह, तिथं बाई रेक्टर, स्पर्धेला आई किंवा दुसरी बाई सोबत, आणि त्या सोबतीच्या तिकिटाचे पैसे मदतीच्या हिशेबात धरलेले. नेहमी मुलीचं तिकीट काढतात आणि आईचं राहतं.

आणखी एक. पैसे देणारे आहात म्हणून तिचा नंबर अठ्ठावीस काकांच्या ग्रुपवर टाकू नका. रोज सकाळी "बेटा आजचा टायमिंग?" असे मेसेज येऊन मुलगी आठवड्यात वैतागेल. बॅचमधल्या एका बाईनं तिच्या आईशी बोलावं. बाकीच्यांनी तिच्याकडून ऐकावं.

सातासमुद्रापार

जाईजुई, शंभर टक्के अनुमोदन. आम्ही पलीकडून पैसे पाठवतो आणि मग व्हिडिओ मागतो. सवय वाईट आहे.

वहीखाते

सीए या नात्यानं दोन शब्द. रात्री उशिरा लिहितोय, चूकभूल देणेघेणे.

बालाघाट, पंधरा हजारांसाठी ट्रस्ट काढायच्या फंदात पडू नका. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी, आयकर खात्याची वेगळी नोंदणी, ८० जी (देणगीदाराला करसवलत देणारं कलम), दरवर्षी ऑडिट, बदल अर्ज. सगळी शक्ती कागदांत जाईल आणि तिसऱ्या वर्षी विश्वस्तांची भांडणं. थेट व्यक्तीला दिलेल्या पैशावर करात सवलत मिळत नाही, हे मान्य करून द्या. तसंही नव्या करप्रणालीत असाल तर ८० जीचा उपयोग नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० च्या वर रोख दिलं तर सवलत नाही.

ज्यांना सवलत हवीच आहे त्यांनी आधीच नोंदणी असलेल्या, हिशेब उघडे ठेवणाऱ्या संस्थेमार्फत द्यावं. तुमच्यातलं कुणी कंपनीत सीएसआर (सामाजिक कामावरचा खर्च) बघत असेल तर माहीत असू द्या. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, मान्यताप्राप्त राष्ट्रीय खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तो पैसा एका मुलीच्या खात्यावर जात नाही, नोंदणीकृत संस्थेच्या प्रकल्पाला जातो. आणि तुमची कंपनी मैदान बांधून पाटी लावायला जेवढी उत्सुक असेल तेवढी मेसच्या बिलाला नसेल, हेही सांगून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. पैसे वडिलांच्या नेहमीच्या खात्यावर टाकू नका. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नाही. उचल फिटलेली नसते, मुकादम दारात असतो, आणि घरात आलेला पैसा जिथं आग आहे तिथं जातो. मुलीचं आणि आईचं मिळून वेगळं खातं काढा. वसतिगृह किंवा मेसचे पैसे तिथल्या तिथं परस्पर द्या. आईच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक छोटी रक्कम, ती कशावर खर्च केली हे विचारायचं नाही.

सातासमुद्रापार ताई, तुमच्याकडं भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरीही, ती परदेशी देणगी धरतात. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावी लागेल. बॅचच्या हिशेबात ते पैसे मिसळू नका.

सातासमुद्रापार

माझा निळा पासपोर्ट आहे, अगदी भारतीय निळा. मंडळातल्या बाकीच्यांचं विचारते.

तिरकस

वहीखाते यांचं "कशावर खर्च केली हे विचारायचं नाही" हे मला पटलं आणि खटकलंही. पटलं कारण दान देऊन वर पावत्या मागणं हा खास आपला मध्यमवर्गीय माज आहे. खटकलं कारण उद्या भावाच्या मोटारसायकलचा हप्ता त्यातून गेला तर हेच अठ्ठावीस जण इथं येऊन धागा काढतील.

आणखी एक विचारतो. ती मुलगी अकरावीत म्हणाली, मला नाही पळायचं, मला नर्सिंग करायचंय. मग?

घासलेला स्पाईक

मग नर्सिंगचे पैसे द्यायचे. सोपं आहे.

खरं सांगतो, मला पळणं सोडताना सगळ्यात जास्त भीती ज्यांनी मदत केली त्यांना तोंड कसं दाखवायचं याची होती. नडगी दुखत असताना एक अख्खा हंगाम फक्त त्या लाजेपायी पळालो. तेव्हा पहिल्याच दिवशी तिला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगा की मुदत दोन वर्षांची आहे, पदकाची अट नाही, थांबलीस तर त्या वर्षाचं शिक्षण आमच्याकडं. कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं गरिबाला खरं वाटत नाही, कारण त्यानं स्टेजवरचे एकावन्न हजार ऐकलेले असतात.

तालमीतला

भावा, डोळ्यात पानी आनलंस.

पीटीचे सर

खर्चाचा अंदाज कुणी दिला नाही म्हणून देतो. तालुक्याच्या गावी सरकारी वसतिगृह मिळालं नाही असं धरून. तीन मुलींत मिळून खोली, तिच्या वाट्याला दोन हजार. मेस तीन ते साडेतीन हजार. त्यावर रोज अर्धा लिटर दूध आणि चार अंडी, पावणेदोन हजार. शेंगदाणे, गूळ, केळी हजारभर. सरावाचे बूट चार-पाच महिन्यांत बसतात, चार-पाच हजारांचे धरले तर महिना हजार. स्पाईक वर्षाला एक जोड पुरे, पाय मोजून आणि तिला दुकानात नेऊन घ्यावा. महिन्याला नऊ-साडेनऊ हजार झाले. उरलेल्यातून दोन हजार आईला आणि बाकी स्पर्धेच्या प्रवासासाठी साठवा. राज्य स्पर्धेला ऐन वेळी दोघींचं जाणं-येणं, राहणं यात सहा-सात हजार सहज जातात आणि ते नेमके महिनाअखेरीस लागतात.

एप्रिल ते जून ती घरी असेल. तेव्हा मेसचे पैसे वाचले म्हणून रक्कम कमी करू नका. उन्हाळ्यात गावात दूध महाग आणि काम नसतं.

सरावाचं म्हणाल तर तिला उचलून शहरात आणायची घाई नको. पाझर तलावाची भिंत मऊ मातीची असेल तर या वयात ती सिंथेटिक ट्रॅकपेक्षा पायाला बरीच. महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेऊन वेळ घ्या. मोबाइलच्या घड्याळावर तीस-चाळीस सेकंदांची गफलत मी पाहिली आहे, मैदानाची मापंही चुकलेली असतात. पावणेअकरा खरे सव्वाअकरा निघाले तरी नाराज होऊ नका, आणि तिच्यासमोर तर मुळीच नाही.

बालाघाट

सगळ्यांचे आभार. मध्ये आठ-दहा दिवस गावाकडं होतो म्हणून उत्तर देता आलं नाही. जमलं ते सांगतो.

आमच्या बॅचमधली एक जण तालुक्याला अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. ती आणि मी मुलीच्या घरी गेलो. वडील पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. आई म्हणाली, "पोरीला ठिवायची आमची ना न्हाई, पर धाकल्याला कोन बघनार तिकडं?" सगळ्यात धाकटा, दोन वर्षांचा आहे तो. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे मुलगी जाते ती तोडणीला कमी आणि लेकरू सांभाळायला जास्त. शेवटी चुलत आजी, जी एरवी गावातच राहते, ती यंदा कारखान्यावर सोबत जायला तयार झाली. तिला महिन्याला दोन हजार द्यायचं ठरलं. आईला द्यायच्या दोन हजारांव्यतिरिक्त. खेळाडूच्या मदतीत आजीचा पगार हे ग्रुपवर समजावून सांगताना माझी दमछाक झाली. एक जण म्हणाला, "आपण धावपटू घेतलीय का कुटुंब?" त्याला हा धागा पाठवलाय.

वसतिगृहात मुलींची जागा भरलेली आहे, प्रतीक्षा यादीत नाव घातलं. तोवर पर्यवेक्षिकेच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेच्या वाड्यात तीन मुलींची खोली. रक्ततपासणी झाली. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिनचा रिपोर्ट यायचा आहे. १५ ऑगस्टचा कार्यक्रम रद्द. चेक वगैरे नाही. यावर दोघं जण रुसून ग्रुप सोडून गेले, त्यातला एक परत आलाय.

मुलीला विचारलं तुला काय पाहिजे. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, घड्याळ. लॅपचं बटण असलेलं. सरांच्या मोबाइलवर फोन आला की वेळ जातो म्हणे.

गोळी-औषध

९.२ म्हणजे उपचार हवेत, नुसता आहार नाही. स्थानिक डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू करा, चहाबरोबर घेऊ नका म्हणावं. जंताची गोळीही द्यायला सांगा. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर तिला कुणी वेळेसाठी ताणू नका. रिपोर्ट आला की विचारपुशीत (खासगी निरोपात) टाका, इथं नको. तिचा खासगी मामला आहे.

तिरकस

आजीचा पगार हा या धाग्यावरचा सगळ्यात शहाणा खर्च आहे. माझ्याकडून सहा महिन्यांचा आजीचा पगार धरा. बाकीच्या नऊ मुलींबद्दलचा माझा मुद्दा कायम आहे, त्यावर वेगळा धागा काढेन.

बालाघाट

तिरकसदादा, घेतले. खात्याचं विचारपुशीत कळवतो, अजून खातं उघडलेलं नाही. मुलीच्या आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारखेत एका वर्षाचा फरक निघाला, बँकेनं परत पाठवलं.

पीटीचे सर

ते ताबडतोब दुरुस्त करून घ्या, बँकेसाठी नव्हे तर वयोगटासाठी. स्पर्धेत मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात आणि कागदांत तफावत दिसली की मुलगी स्टार्ट लाइनवरून परत येते. मूळ जन्मनोंद ग्रामपंचायतीत असेल. ती नसेल आणि बाळंतपण कारखान्यावर झालं असेल तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत शोधावी लागेल. आईला विचारा, कुठल्या कारखान्यावर असताना जन्मली.

बालाघाट

विचारलं. सांगली जिल्ह्यातला कारखाना, गावाचं नाव आईला नक्की आठवत नाही, वडिलांना आठवतंय असं म्हणतात. तिकडचं कुणी आहे का इथं?

तालमीतला

मी हाय. नाव धाड, रविवारी जाऊन येतो.